ऐनवेळचा विषय

सव्वीस वर्षं मी या वॉर्डचं इतिवृत्त लिहितोय.
खरं सांगायचं तर सभेच्या आदल्या रात्रीच लिहितो:
'सविस्तर चर्चा झाली. सर्वानुमते मंजूर.'
तारखेपुरती जागा मोकळी सोडायची
आणि चहापावाच्या खर्चापुरती.

केनियात, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी आमची वस्ती.
तंबू भाड्याचा, खुर्च्या चर्चच्या.
पुढच्या रांगेत म्हातारे, त्यांच्या टोप्या, त्यांच्या काठ्या.
पोरं मागे, उन्हात,
आपापल्या बोडा-बोडाला टेकून उभी.
सही करायची, दोनशे शिलिंग घ्यायचे,
गाडीला किक मारायची.
लोकसहभाग: एकशे बारा. तसं मी लिहितो.

त्या दिवशी मागून एक हात वर झाला.
कोपरावर ओमेनाचे खवले चिकटलेले, चंदेरी,
म्हणजे पहाटेपासून मासळी वाळत घालून आलेली.
अपोंडी. एकोणीस वर्षांची. ओगुतु सुताराची धाकटी.
'पान चौदा, ओळ सात,' ती म्हणाली.
पान चौदा!
तिथपर्यंत कुणी वाचत नाही.
मी टाइप केलंय, मीसुद्धा वाचलं नव्हतं.

'पथदिवे, चोवीस. काम पूर्ण.
मी मोजले. खांब नऊ आहेत.
पेटतात चार.'

अध्यक्ष हसले. 'आणि पोरी,
तू रात्रीची रस्त्यावर काय करत होतीस?'
सगळा तंबू हसला. मीही हसलो,
हे इतिवृत्तात नाही, म्हणून इथे लिहितो.

'अंधारात घरी येत होते,' ती म्हणाली.

मग चहा आला.

(बावीसचा असताना मीही एकदा उठून विचारलं होतं,
एका विहिरीबद्दल.
त्यांनी मला नोकरी दिली.
हीच.)

शनिवारी रात्री बायकोने हाक मारली, बाहेर या.
आमचं घर टेकाडावर, खाली सगळा रस्ता दिसतो,
म्हणजे एरवी दिसत नाही.
बाजारापासून दवाखान्यापर्यंत
ओळीने दिवे लागलेले.
मी मोजले. सवय.
चोवीस.

खाली गेलो तेव्हा कळलं:
जिथे खांब नव्हता तिथे एक बोडा-बोडा उभी,
जिथे खांब होता पण आंधळा, तिथेही एक,
हेडलाइट चालू, इंजिन घुरघुरतंय.
वीस गाड्या. पेट्रोल ज्याचं त्याचं.
ओकेयो, जो सही करून सगळ्यात आधी पळतो,
तो दवाखान्याच्या वळणावर दोन तास उभा होता,
मध्येच कुणी बाई पोर घेऊन गेली तर
हँडल वळवून तिची वाट उजळत.
घोषणा नाही, फलक नाही.
अपोंडी पान चौदाची प्रत घेऊन
या टोकापासून त्या टोकाला चालत होती,
एकेका दिव्यापुढे खूण करत.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
माझा कागद मला खरा दिसला,
आणि लाज वाटली.

पुढे काय झालं म्हणाल तर फार काही नाही.
तीन खांब आले. त्यातला एक वाकडा.
कंत्राटदार तोच आहे.
ओकेयोला पोलिसांनी दंड केला,
परवान्याचं काहीतरी काढून.
अपोंडी दर सभेला येते, मागे उभी राहते,
परवा तिला कुणीतरी खुर्ची दिली,
तिने ती आईला दिली.

पण त्या सभेचं इतिवृत्त मी फाडलं,
पुन्हा लिहिलं:
'अपोंडी ओगुतु यांनी प्रश्न विचारला.
उत्तर मिळाले नाही.'
अध्यक्ष म्हणाले, ही ओळ काढा.
मी म्हणालो, शाईने लिहिलंय साहेब.
एवढंच शौर्य. त्यानेही हात थरथरला.

आता सभेच्या आदल्या रात्री
मी फक्त तारीख लिहितो.